जटेत काय उरतं?

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले ५० ते १०० रोज गळतात. केस विंचरणाऱ्याला ते कंगव्यात, उशीवर आणि न्हाणीघराच्या जाळीवर सापडतात. जटा राखणाऱ्याला ते कुठेच सापडत नाहीत, कारण मुळापासून सुटलेला केस शेजारच्या केसांत आधीच गुंतलेला असतो आणि तिथेच राहतो. अशा गळालेल्या केसांची वर्षानुवर्षं भर पडून जटा जाड आणि घट्ट होत जाते. जुनी जटा बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत चाचपली, तर डोक्याजवळ ती मऊ लागते आणि खाली उतरावं तशी टणक होत जाते. खालच्या त्या टणक भागातल्या कितीतरी केसांचा डोक्याशी असलेला संबंध केव्हाच संपलेला असतो. जटेचा स्वभावच धरून ठेवण्याचा आहे. ती केस धरते, तसंच पाणी, फेस, धूळ, मेण आणि तेलही धरते. म्हणूनच जटांसाठी इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींपासून काढलेलं सुगंधी तेल, निवडताना मोकळ्या केसांचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. कुठलं तेल काय ‘देतं’ याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. जटाधाऱ्याने त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: डोकं धुऊन वाळल्यावर या तेलातलं जटेच्या आत काय उरणार आहे?

ज्या रास्ताफारी पंथामुळे ड्रेडलॉक्स जगाच्या नजरेत भरले, तो जमैकात १९३० च्या दशकात उभा राहिला. डोक्याला वस्तरा न लावण्याचं बायबलमधलं नाझरी व्रत हा त्यांच्या जटांचा धार्मिक आधार. आफ्रिकी वंशाच्या माणसाचा केस मुळातूनच वळण घेऊन बाहेर पडतो आणि त्याचा छेद चपटा, लंबगोल असतो. डोक्याच्या त्वचेत तयार होणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, तसं ते या वळणांवरून उतरत नाही. त्यामुळे मुळाशी तेल आणि टोकाशी कोरडेपणा अशी विभागणी होते. जटांमध्ये ती आणखी वाढते, कारण कंगवा फिरून तेल पसरण्याची सोयही संपलेली असते. हा कोरडेपणा खरा आहे आणि त्यावर वरून तेल लावावंसं वाटणं स्वाभाविक आहे. जमैकात एरंडाच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून जे काळपट एरंडेल काढतात, ते आज जगभर जटांसाठी विकलं जातं. पण एरंडेल हे दाट आणि चिकट तेल आहे. इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी या नियतकालिकात २०१७ मध्ये एका तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. एरंडेल आणि खोबरेल यांचं मिश्रण लावून केस धुतल्यावर तिच्या लांब केसांचा एकदम कडक गुंता झाला आणि अखेर तो कापावा लागला. असा प्रकार दुर्मीळ आहे, एरंडेल लावणाऱ्या प्रत्येकीला त्याची भीती बाळगण्याचं कारण नाही. तरी दाट तेल, ओलावा आणि चोळणं एकत्र आलं की केस किती घट्ट बांधले जाऊ शकतात, हे त्यातून कळतं. जटेत हा घट्टपणा आधीपासूनच असतो. तिथे शिरलेलं दाट तेल बाहेर काढायला कंगवा नाही, आणि फेसही पुरेसा आत पोचत नाही.

सुगंधी तेलं इथेच वेगळी ठरतात. खोबरेल, तीळ, एरंडेल, बदाम ही स्थिर तेलं. ती जिथे लावावी तिथेच राहतात. रोझमेरी, निलगिरी, टी ट्री, पुदिना यांची तेलं उडून जाणारी. पाण्याच्या वाफेबरोबर ती वनस्पतीतून बाहेर काढली जातात आणि उघड्यावर ठेवली की पुन्हा हवेत निघून जातात. एक साधी परीक्षा घरी करता येते. पांढऱ्या टिपकागदावर एका बाजूला खोबरेलाचा थेंब टाकावा आणि दुसऱ्या बाजूला निलगिरी तेलाचा. सुरुवातीला दोन्ही डाग सारखेच पारदर्शक दिसतात. काही तासांनी निलगिरीचा डाग निघून जातो आणि कागद कोरडा, पांढरा होतो, तर खोबरेलाचा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच असतो, उलट थोडा पसरलेला असतो. सुगंधी तेलाच्या बाटलीत स्वस्त स्थिर तेलाची भेसळ आहे का, हेही या परीक्षेत बऱ्याच वेळा कळतं. जटांच्या दृष्टीने सुगंधी तेलाचा सर्वांत मोठा गुण हाच, की आपलं काम करून ते निघून जातं. पण या गुणाचा फायदा मिळायचा तर ते ज्यात मिसळायचं ते माध्यमही निघून जाणारं हवं. टी ट्रीचे दहा थेंब शॅम्पूत घातले तर ते शॅम्पूबरोबर धुतले जातात. तेच दहा थेंब अर्धी वाटी खोबरेलात घालून जटांवर ओतले, तर टी ट्री उडून जातं आणि अर्धी वाटी खोबरेल आत राहतं. म्हणून माझ्या मते जटांसाठी कुठलं सुगंधी तेल निवडावं यापेक्षा ते कशात मिसळावं, हा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे, आणि शक्यतो ते धुण्याच्या द्रवातच मिसळावं.

सगळीच सुगंधी तेलं सारख्या वेगाने उडत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. लिंबू, संत्रं, निलगिरी झपाट्याने जातात. रोझमेरी आणि लव्हेंडर मध्यम गतीने. देवदार, चंदन, वाळा, पचौली यांच्या तेलातले रेणू मोठे आणि जड असतात, त्यांना निघायला फार वेळ लागतो. वाळ्याचा वास दोन दिवस टिकतो याचं कारण हेच. अशी जड तेलं जटांना वर्ज्य आहेत असं नाही, पण ती थेंबभर पुरतात. शिवाय हलक्या तेलांची जुनी, झाकण सैल राहिलेली बाटली हवेशी रासायनिक क्रिया होऊन चिकट होत जाते. बाटलीच्या तोंडाशी जमलेला राळेसारखा थर हे त्याचं चिन्ह. ते तेल आता पूर्वीसारखं उडून जाणार नाही.

मिसळण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त चूक पाण्याशी होते. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी भरायचं, त्यात लव्हेंडरचे काही थेंब टाकायचे, हलवायचं आणि रोज जटांवर मारायचं, अशी पद्धत फार रूढ आहे. काचेच्या पेल्यात हाच प्रयोग करून पाहिला तर थेंब पाण्यावर चकचकीत चकत्या होऊन तरंगताना दिसतात. जोरात ढवळल्यावर पाणी क्षणभर गढूळ होतं आणि थोड्याच वेळात चकत्या पुन्हा वर येतात. म्हणजे फवारा मारताना कधी नुसतं पाणी बाहेर येतं, तर कधी निव्वळ तेल थेट त्वचेवर पडतं, आणि सुगंधी तेल निव्वळ स्वरूपात त्वचेवर लागता कामा नये. त्यात अशा पाण्यात परिरक्षक नसेल तर काही दिवसांत जंतू वाढतात. लव्हेंडरचे चार थेंब ते थोपवू शकत नाहीत. शॅम्पूत ही अडचण येत नाही, कारण त्यातले फेस करणारे घटक तेलाचे सूक्ष्म कण आपल्यात वेढून पाण्यात सामावून घेतात. प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. एक मिलिलिटरमध्ये सुमारे २० थेंब धरले, तर २५० मिलिलिटरच्या शॅम्पूत एक टक्का म्हणजे अडीच मिलिलिटर, साधारण ५० थेंब. हे सगळ्या सुगंधी तेलांचे मिळून ५० थेंब आहेत, प्रत्येकाचे वेगळे ५० नव्हेत. नाजूक त्वचेच्या माणसाने निम्म्यापासून सुरुवात करावी. शॅम्पूही पातळ, बिनामेणाचा आणि कंडिशनर नसलेला निवडावा. खरं तर तेलांच्या निवडीत जितका विचार खर्च होतो, त्याच्या निम्मा जरी शॅम्पूवर केला तरी जटा जास्त स्वच्छ राहतील.

आता एकेका तेलाकडे वळू. टी ट्री हे ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये वाढणाऱ्या मेलाल्यूका अल्टरनिफोलिया या झाडाच्या पानांचं तेल. तिथल्या बंडजलुंग लोकांना या पानांचे औषधी उपयोग माहीत होते, आणि १९२० च्या दशकात आर्थर पेनफोल्ड या रसायनशास्त्रज्ञाने त्याचे जंतुनाशक गुण तपासले. जटाधाऱ्यांत या तेलाला जो मान आहे, त्याला बऱ्यापैकी आधार आहे. कोंड्यामागे मलासेझिया नावाचं यीस्ट असतं. ते त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवर जगतं. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कोंडा असलेल्या १२६ जणांना चार आठवडे एकतर पाच टक्के टी ट्री तेलाचा शॅम्पू दिला किंवा तसाच, पण टी ट्री नसलेला शॅम्पू दिला. टी ट्रीच्या गटात कोंड्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झालं, दुसऱ्या गटात ११ टक्क्यांनी. सुगंधी तेलांच्या जगात इतका नीट पुरावा क्वचित मिळतो. यावर कुणी म्हणेल, चाचणीत पाच टक्के होतं, मग इथे एक टक्का का? आक्षेप रास्त आहे. पाच टक्क्यांचा तो शॅम्पू कारखान्यात तपासून बनवलेला होता. घरी मोजमापात थेंबांची चूक सहज होते आणि टी ट्रीची ॲलर्जी येणारे लोक कमी नाहीत. एक टक्क्याचा शॅम्पू ताजेपणा आणि हलकी जंतुनाशक मदत यांपुरताच समजावा. कोंडा खरोखर बळावला असेल, खपल्या धरत असतील, तर केटोकोनॅझोलचा औषधी शॅम्पू वापरावा किंवा पाच टक्के टी ट्रीचा तयार शॅम्पू घ्यावा. खरेदी करताना टर्पिनेन-४-ऑल या घटकाचं प्रमाण कळवणारा विक्रेता निवडावा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगल्या तेलात ते किमान ३५ टक्के असतं.

रोझमेरीबद्दल दावे मोठे आहेत आणि पुरावा मध्यम. इराणमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आनुवंशिक टक्कल पडू लागलेल्या १०० जणांना सहा महिने रोझमेरीचं तेल किंवा दोन टक्के मिनॉक्सिडिल दिलं गेलं. तीन महिन्यांपर्यंत दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केसांची संख्या वाढली आणि दोन्हींत लक्षणीय तफावत नव्हती. यावरून ‘रोझमेरी मिनॉक्सिडिलइतकीच गुणकारी’ असं वाक्य सगळीकडे फिरतं. पण काहीच औषध नसलेला तिसरा गट त्या अभ्यासात नव्हता, त्यामुळे दोन्ही सारखेच गुणकारी की दोन्हींचा परिणाम सारखाच थोडका, हे सांगणं कठीण आहे. याहून जुना, १९९८ चा ॲबर्डीनमधला अभ्यास चाईच्या ८६ रुग्णांवर झाला. एका गटाने थाइम, रोझमेरी, लव्हेंडर आणि देवदार वर्गातलं सीडरवुड यांची तेलं जोजोबा व द्राक्षबियांच्या तेलात मिसळून रोज चोळली, दुसऱ्या गटाने नुसती ती वाहक तेलं. सात महिन्यांनी पहिल्या गटात ४४ टक्के लोकांना फरक पडला, दुसऱ्यात १५ टक्के. अभ्यास चांगला आहे, पण चाई हा विशिष्ट विकार आहे, आणि चार तेलांपैकी काम कुणी केलं ते त्यातून कळत नाही. जटाधाऱ्यांच्या कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे केस विरळ होतात ते बहुधा तिसऱ्याच कारणाने: जटांचं वजन आणि मुळाशी वारंवार पिळून घट्ट करण्याची सवय. त्या ताणाने मूळच दुबळं होतं. रोझमेरीचा त्यावर इलाज नाही. पिळणं सैल करावं, जड जटा थोड्या छाटाव्यात. रोझमेरी शॅम्पूत घालायला हरकत काहीच नाही. तिचा वास स्वच्छ असतो, ती बऱ्याच जणांना सोसते आणि मागे चिकटपणा सोडत नाही.

पेपरमिंटमध्ये आपल्याकडच्या खरेदीदाराला एक खाचखळगा आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत आणि पाककृतींत जे पेपरमिंट असतं ते मेंथा पिपेरिटा, त्यात मेंथॉल साधारण ३० ते ५० टक्के. भारतात, मुख्यतः उत्तर प्रदेशात, प्रचंड प्रमाणात पिकतो तो मेंथा आर्वेन्सिस, आणि मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात ज्या मेंथा तेलाचे सौदे होतात ते याचंच. त्यात मेंथॉल ७० ते ८० टक्क्यांपर्यंत असतं. लेबलवर नुसतं ‘पुदिना तेल’ असेल आणि विलायती पाककृतीतले थेंब मोजून घातले, तर मेंथॉल दुपटीच्या आसपास पडतं आणि डोकं गार वाटण्याऐवजी चुरचुरतं. गारवा ही मज्जातंतूंची जाणीव आहे. त्वचा स्वच्छ झाल्याची ती खूण नाही. कोरियात पेपरमिंटने केस वाढल्याचं दिसलं ते उंदरांच्या मुंडलेल्या पाठीवर. माणसाच्या जटांसाठी त्यातून फार काही निघत नाही. खाज सुटणाऱ्या डोक्याला थोडा पुदिना बरा वाटतो, आणि तेवढ्यासाठीच तो घ्यावा. अडीचशे मिलिलिटर शॅम्पूत मेंथा आर्वेन्सिसचे पाच-सहा थेंब पुरेत.

लव्हेंडर सौम्य म्हणून प्रसिद्ध आहे. ताजं असताना ते बऱ्याच अंशी तसं आहेही, पण त्यातलं लिनालूल हवेत मुरलं की ॲलर्जी करणारी द्रव्यं तयार होतात. लिंबू आणि बर्गमॉट यांची दाबून काढलेली तेलं उन्हात त्वचा भाजतात. शॅम्पूत धुऊन गेली तर धोका थोडा, पण जटांमधले भांग हे उघड्या त्वचेचे पट्टे असतात आणि तिथे फवारलेलं लिंबाचं तेल थेट उन्हाला सामोरं जातं. गवती चहाच्या तेलातलं सिट्रल अनेकांना झोंबतं, तेव्हा प्रमाण फार कमी हवं. त्याच्याच कुळातल्या रोशा गवताचं गुलाबासारख्या वासाचं तेल एकेकाळी खानदेशातून मुंबईमार्गे परदेशी जात असे. वास आवडत असेल तर ते विचारात घ्यावं, जिरॅनिऑलची ॲलर्जी नाही ना हे पाहून. लवंग, दालचिनी आणि जमैकाचा स्वतःचा मसाला ऑलस्पाइस यांची तेलं डोक्यापासून लांब ठेवावीत. ऑलस्पाइसच्या पानांच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं आणि ते त्वचेला जाळतं. वनस्पती त्या बेटाची आहे म्हणून तिचं तेल त्या बेटाच्या जटांना मानवेल, असं होत नाही.

‘निसर्गातलं आहे, मग अपाय कसा?’ हा आक्षेप इतक्या वेळा येतो की त्याला सरळ उत्तर दिलं पाहिजे. कितीतरी किलो पानांतून काही मिलिलिटर तेल निघतं. पान चुरगळून डोक्याला चोळणं आणि त्याचं आसवलेलं तेल ओतणं यांत मात्रेचा प्रचंड फरक आहे. युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलवर छापायला लावलेल्या ॲलर्जीकारक सुगंधांच्या यादीत लिनालूल, लिमोनीन, सिट्रल, जिरॅनिऑल, युजेनॉल ही सगळी वनस्पतींतलीच द्रव्यं आहेत. बाटलीवरच्या ‘थेरप्युटिक ग्रेड’ या शब्दांमागे कुठलीही अधिकृत प्रतवारी नाही. त्याऐवजी वनस्पतीचं शास्त्रीय नाव, काढलेली तारीख आणि मूळ देश छापलेला आहे का ते पाहावं.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल चोळलं जातं, आणि त्यामागे विज्ञानही आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी मुंबईच्या मॅरिको कंपनीत केलेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात खोबरेल केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं, खनिज तेल आणि सूर्यफूल तेल करत नाहीत, असं दिसलं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं. हे मोकळ्या केसांना लागू आहे आणि जटांच्या एकेका केसालाही लागू आहेच. पण मोकळ्या केसावर जादा झालेलं खोबरेल न्हाताना निघून जातं, जटेच्या गाभ्यातलं नाही. म्हणून ज्याला खोबरेल हवंच त्याने ते धुण्याआधी थोडा वेळ, मुळाशी आणि बोटांच्या टोकांनी, चमचाभर लावावं. रात्रभर थापून ठेवू नये. शिकेकाई आणि रिठ्याबद्दलही असंच. काढा उत्तम, पण कपड्यातून दोनदा गाळलेला. पूड थेट चोळली की तिचे कण जटेत रुतून बसतात आणि महिनोन्‌महिने झडत राहतात. परदेशी पुस्तकांतला खाण्याचा सोडा मात्र सारखा वापरू नये. त्याचं पाणी अल्कली असतं. त्यात केसावरचे खवले उचलले जातात, केस एकमेकांना जास्त घासतात आणि ठिसूळ होतात. साध्या साबणाची वडी आणि बोअरचं जड पाणी एकत्र आलं की न विरघळणारा पांढरट साका तयार होतो, आणि जटेत तो साका मेणाइतकाच हट्टी असतो.

सुगंधी तेलांवरचा सगळा भरवसा वासाच्या प्रश्नाशी येऊन अडतो. जटांना कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला की माणूस टी ट्रीचे थेंब वाढवतो. वास त्याखाली काही तास लपतो आणि पुन्हा येतो. केस आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास पाणी शोषू शकतो, आणि जाड जटेच्या गाभ्याला वारा लागत नाही. ओला राहिलेला गाभा, त्यात उरलेला फेस आणि त्वचेचा झडलेला थर एवढं बुरशीला आणि जंतूंना पुरतं. सुगंधी तेलाची वाफ बाहेरून त्या गाभ्यापर्यंत पुरेशा प्रमाणात पोचत नाही. उपाय वाळवण्याचा आहे: सकाळी धुवावं, प्रत्येक जट टॉवेलमध्ये दाबून पिळावी, उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत बांधू नये, टोपी घालू नये, ओल्या डोक्याने झोपू नये. जाड जटांना यात कित्येक तास जातात. गोव्यात हरमल-हणजूणच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात हौसेने वळून घेतलेल्या जटा जूनच्या पावसात त्रास देऊ लागतात त्या याच कारणाने. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात कमी वेळा धुऊन दरवेळी ड्रायरने आतपर्यंत वाळवणं, रोज फवारे मारण्यापेक्षा केव्हाही बरं. मुळाशी घाम आणि कोंडा साचत असेल तर जटा न भिजवता भांगांतली त्वचाच शॅम्पूच्या पातळ पाण्याने पुसून घेता येते, आणि टी ट्रीचा शॅम्पू पोचायला हवा तोही तिथेच.

महाराष्ट्रात या विषयावर लिहिताना एक गंभीर आक्षेप टाळून चालत नाही. इथे बाईच्या डोक्यात जट झाली की ती यल्लम्माची खूण मानली जाते, ती धुवायची नाही, कापायची नाही, तिच्यावर हळद-भंडारा वाहायचा, असं तिला सांगितलं जातं. अशा मुलींना देवीला सोडल्याची उदाहरणं दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात घडली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांना धीर देऊन जटा कापून देतात. कापल्यावर कोप होईल ही भीती फक्त आपल्याकडची नाही. पोलंडमध्ये केसांच्या अशाच गुंत्याबद्दल, तो कापला तर माणूस आंधळा किंवा वेडा होईल असा समज होता, आणि एकोणिसाव्या शतकात क्राकूचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. मग जटांची निगा शिकवणं म्हणजे या भीतीला खतपाणी घालणं नाही का? मला ते उलटं वाटतं. जट हा केसांचा गुंता आहे, तो नियमाने धुता येतो, वाळवता येतो, हवा तेव्हा कापता येतो, हे ज्याला कळलं त्याला ती कुणाच्या कोपाची खूण वाटणार नाही. हौसेने किंवा श्रद्धेने जटा राखणारा रास्ताफारी त्या धुतो. न धुण्याची सक्ती झालेल्या बाईच्या मानेवर मात्र वजन, उवा आणि जखमा येतात. त्या बाईसाठी या प्रकरणातलं कुठलंच तेल औषध नाही. तिच्या जटेत भंडारा, घाम आणि तेल यांचा वर्षांचा थर असतो. टी ट्रीने त्यावर वास चढेल, वजन उतरणार नाही. तिला कात्री हवी, आणि कात्री चालवताना शेजारी विश्वासाचं माणूस.

आपल्या मर्जीने जटा राखणाऱ्याने नवं तेल आणलं की आधी एक चाचणी करावी. चहाच्या चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, साधारण शंभर थेंब मावतात. चमचाभर खोबरेलात एक थेंब टाकला की एक टक्का झाला. हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावं. लाली, खाज, पुरळ आलं तर ते तेल आपल्यासाठी नाही, मग त्याची कीर्ती काहीही असो. लहान मुलांच्या डोक्याला पुदिना, निलगिरी आणि कापूर लावू नयेत. त्यांच्या श्वासावर परिणाम होऊ शकतो, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात. घरात मांजर असेल तर टी ट्रीची बाटली झाकून, उंच ठेवावी, मांजराला ते विषारी आहे. गर्भारपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच नवं सुगंधी तेल सुरू करू नये. भांगांतून पू येणं, गोल चकत्यांत केस जाणं, मानेतल्या गाठी सुजणं अशी लक्षणं दिसली तर तेल बंद करून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. बुरशीचा खोलवरचा संसर्ग पोटात घेण्याच्या औषधांनीच बरा होतो. बाटल्या गडद काचेच्या, लहान आणि घट्ट झाकणाच्या घ्याव्यात आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर चिकटवून ठेवावी. लिंबूवर्गीय तेलं आणि टी ट्री सर्वांत लवकर बिघडतात. वर्ष उलटलेलं, वास बदललेलं किंवा दाट झालेलं तेल डोक्याला लावू नये.